गिअरचा खटका

आमच्या धर्मगुरूनिवासाच्या मागील व्हरांड्यात एक सायकल अडीच वर्षांहून अधिक काळ छताच्या आकड्याला टांगलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांचे लक्ष तिच्याकडे हमखास जाई. "फादर, विकायची का?" असे एखादा विचारी, एखादी आजी "ती डोक्यात पडेल कोणाच्या तरी" म्हणून मला दटावी, आणि मी दोघांनाही चहा देऊन विषय बदलत असे. ती सायकल तेथे का टांगली गेली आणि पुन्हा जमिनीवर कशी उतरली, हे मी आजवर कोठे लिहिलेले नाही. यंत्रातले फारसे न कळणाऱ्या वाचकांना पुढील मजकुरात थोडी तसदी पडेल. ती त्यांनी सोसावी, कारण त्या यंत्राला वगळून मला ही हकिकत सांगता येत नाही.

मराठवाड्यात फ्रेंच बोलणारा धर्मगुरू दिसणे हे एके काळी नवलाचे नव्हते. फ्रान्समधील अनेसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संस्थेचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावापर्यंत येऊन पोचले होते. त्याच परंपरेतले एक वयोवृद्ध फादर माझ्या लहानपणी गंगापूर तालुक्यातील आमच्या गावी येत असत. १९७८ साली ते मायदेशीची सुट्टी संपवून परतले ते ही सायकल बरोबर घेऊन. निळी, सडपातळ, खाली वळलेल्या हँडलची, मडगार्ड काढून टाकलेली 'प्यूजो'. आम्हां पोरांना तिचे टायर बघून हसू आले होते. काळ्या मातीच्या वाटेवर हे बोटभर टायर काय टिकणार! पण फादर डांबरी रस्त्यापर्यंत ती खांद्यावर घेऊन चालत आणि मग दिसेनासे होत.

पुढे मी पुण्याला रामवाडीच्या पेपल सेमिनरीत शिकलो. तेव्हाचे पुणे सायकलींचे होते. मुंबई-पुणे शर्यतीच्या दिवसांत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या 'घाटाच्या राजा'विषयी आम्ही तत्त्वज्ञानाच्या तासापेक्षा अधिक तावातावाने वाद घालत असू. १९९७ साली मला गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा वृद्ध फादरांनी ती सायकल माझ्या स्वाधीन केली. त्यांचे गुडघे तोवर संपले होते. "तेल घाल, आणि कान उघडे ठेव," एवढेच त्यांनी मला त्यांच्या फ्रेंच वळणाच्या मराठीत सांगितले.

कान उघडे ठेवण्याचा सल्ला अगदी शब्दशः घ्यायचा होता. ज्यांनी दुधवाल्याची काळी सायकलच पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. या सायकलीच्या मागच्या चाकावर लहानमोठी पाच दातेरी चक्रे शेजारीशेजारी असतात. चढ आला की चेन मोठ्या चक्रावर आणायची, सपाटीला लहान चक्रावर. चेनला ढकलणारे जे उपकरण खाली लोंबते त्यास डिरेलर म्हणतात. ते एका तारेने ओढले जाते, आणि तार ओढणारी कळ या जुन्या सायकलीत हँडलवर नसून खालच्या तिरक्या नळीवर असते. कळीला टप्पे नाहीत. ती केवळ घर्षणाने जागच्या जागी राहते. किती फिरवायची, हे तुमच्या बोटांनी ठरवायचे. थोडी कमी फिरली तर चेन कुरकुरते, जास्त फिरली तर पुढच्या चक्राला घासते. मग केसभर मागे घ्यायची. कुरकुर थांबली की समजावे, जागेवर बसली. चोवीस वर्षे मी ती कळ फिरवली. न बघता, बोलता बोलता गिअर बदलता येतो याचा मला अभिमान होता, हे आता मोकळेपणाने कबूल करतो.

माझा सोमवार मोकळा असतो. पहाटेची मिस्सा आटोपली की छावणीमार्गे दौलताबाद, तेथून घाट चढून खुलताबाद आणि परत, असा पन्नासेक किलोमीटरचा माझा नेम होता. २०२१ च्या नोव्हेंबरातील एका सोमवारी मी खुलताबादला चहा घेण्यासाठी थांबलो आणि सीटखालच्या पिशवीतून फोन काढला. फोनचा आवाज बंद होता. तो मीच बंद केला होता, घाटात मला शांतता लागते म्हणून. नऊ फोन येऊन गेले होते. सगळे एकाच घरून. त्या घरातले आजोबा महिनाभर अंथरुणाला खिळून होते, आणि रुग्णाभ्यंगासाठी मी मंगळवारी येतो असे त्यांना सांगून ठेवले होते.

घाट मी कसा उतरलो ते मला नीट आठवत नाही. उतार संपून रस्ता सपाट झाला तेथे वेग राखण्यासाठी गिअर बदलायला हवा होता. उजवा हात हँडलवरून काढून खाली कळीकडे नेला. त्या घटकेला सायकल केवळ डाव्या हातावर होती, आणि रस्त्याच्या कडेला खडी पसरलेली होती. पुढे काय झाले ते सांगण्याची गरज नाही. एका टेम्पोवाल्याने मला सायकलीसकट उचलून गावात आणले. मी त्या घरी पोचलो तेव्हा आजोबांना जाऊन अर्धा तास झाला होता. डावा हात उपरण्यात बांधून मी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. त्यांचा मुलगा पायथ्याशी उभा होता. तो मला एक शब्दही बोलला नाही. माझ्या हाताकडे त्याने एकदा पाहिले, आणि आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

मनगटात पट्टी बसवावी लागली. दुकटा हात चालेल, पण डाव्या हातावर एकट्याने भार नको, असे डॉक्टरांनी बजावले. जुन्या सायकलीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. गिअर बदलायचा तर उजवा हात काढावा लागणार, आणि उजवा काढला की सगळा भार डाव्यावर येणार. सायकल आकड्यावर गेली. डॉक्टरांचा सल्ला हे कारण खरे होते. ते एकमेव नव्हते.

तो मुलगा, म्हणजे आता पंचेचाळिशीकडे झुकलेला गृहस्थ, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या आधाराने शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. त्यांतल्याच एकात लेथवर तो काम करतो. महिन्याच्या मिस्सेपर्यंत तो येत राहिला. नंतर त्याची पत्नी आणि मुली येत, तो येत नसे. प्रवचनाला उभा राहिलो की माझी दृष्टी त्या बाकाच्या टोकाला जाऊन परत येई. त्याच्या घरी मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो सेकंड शिफ्टला होता.

२०२४ च्या जूनमध्ये मुलीच्या शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला तो आला. मी रजिस्टर काढेपर्यंत तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता.

"फादर, हिला गंज चढायला लागला."

"मला आता चालवता येत नाही रे. हात सोडता येत नाही."

"डावा कितपत वळतो?" त्याने माझे मनगट हातात घेऊन यंत्राचा भाग तपासावा तसे दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले. "मग हात काढायचीच पाळी येऊ नये असं करू. ब्रेकमध्येच गिअर असतो आता."

ब्रेकमध्येच गिअर ही कल्पना तशी नवी नाही. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने टप्प्याटप्प्याने सरकणारी कळ काढली. एक खटका, एक चक्र. १९९० मध्ये त्यांनी ती ब्रेकच्या मुठीतच बसवली, आणि दोन वर्षांनी इटलीच्या काम्पान्योलोने आपली तशी मूठ आणली. तेव्हापासून शर्यतीतल्या स्वाराला हँडल सोडावे लागत नाही. प्रत्येक सोयीला आधी नाके मुरडली जातात हेही खरे. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला तर डिरेलरच मुळी मान्य नव्हता. १९३७ पर्यंत त्या शर्यतीत डिरेलरला बंदी होती, आणि गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची गरज आहे असे त्याचे मत होते. पंचावन्नाव्या वर्षी मला त्याचा राग आला नाही.

राग आला तो माझ्याच हट्टाचा, पण तो नंतर. "मुठी तेवढ्या बदल, बाकी काही हलवू नकोस," असे मी त्याला सांगितले. ती सायकल वृद्ध फादरांची होती. तिचा एकेक नट त्यांच्या हाताने आवळलेला होता. त्याने मान हलवली, "बसणार नाही, फादर" एवढे म्हणाला, आणि तरीही मी म्हणालो तसे केले. शिमानोच्या 'टूर्नी' जातीच्या, सात गिअरच्या साध्या मुठी आणल्या. जुनी तार काढून नवी ओवली. स्टँडवर चाक फिरवून मी पहिला खटका दाबला. चेन दुसऱ्या चक्रावर गेली. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. दुसऱ्या खटक्याला ती कुरकुरली. तिसऱ्याला मधेच अडकून नाचू लागली. चौथ्याला काय झाले ते चेनलाच ठाऊक.

त्याने खिशातून व्हर्निअर काढले आणि व्हरांड्याच्या फरशीवर खडूने आकडे मांडले. नवी मूठ एका खटक्याला सुमारे २.९ मिलिमीटर तार ओढते. शिमानोचा डिरेलर त्या ओढीची १.७ पट करून चेनला जवळजवळ ५ मिलिमीटर सरकवतो, कारण सात चक्रांच्या संचात एका चक्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर तेवढेच असते. आमच्या जुन्या पाच चक्रांत ते साडेपाच होते. "अर्धा मिलिमीटर," मी म्हणालो, "तेवढे काय!" त्याने खडूने पुढे लिहिले : चार खटके, वीस मिलिमीटर. हवे होते बावीस. "आणि हा डिरेलर तर शिमानोचा नाहीच. किती ओढलं की किती सरकायचं, हे याच्याकडून कोणी ठरवून घेतलेलं नाही."

तो जुना 'सिम्प्लेक्स' डिरेलर प्लॅस्टिकच्या अंगाचा होता आणि त्याला मुळाशी चीर गेलेली होती. किती वर्षांपासून कोण जाणे. माझी बोटे आणि माझे कान त्याची चूक रोज भरून काढत आले होते, म्हणून मला ती कधी कळलीच नाही. खटक्याला कान नसतात. हब, चक्रे, चेन, डिरेलर, तार आणि मूठ यांचे आपसांत आधी जमलेले असले तरच तो बिनचूक चालतो. एकजण जरी दशांश मिलिमीटरांनी वेगळे बोलू लागला तरी सगळी साखळी कुरकुरते.

मग ऑगस्टभर दर रविवारी दुपारी तो येत राहिला. सकाळच्या मिस्सेला नव्हे, दुपारी. फ्रेंच सायकल ही स्वतःचाच एक धर्मप्रांत असते हे मला तेव्हा उमगले. मागच्या हबवर चक्रांचा संच आट्यांनी बसतो. इंग्रजी मापाच्या हबला इंचात चोवीस आटे असतात, तर आमच्या फ्रेंच हबला एकेक मिलिमीटरचे, आणि व्यासही किंचित लहान. नवा संच त्यावर चढतो असे वाटते, दोनतीन फेरे जातोही, आणि आटे खाऊन टाकतो. म्हणून हबच बदलावा लागला. बाजारात मिळालेला हब १३५ मिलिमीटर रुंदीचा होता आणि सायकलीच्या मागच्या चिमट्यात जागा होती १२०. त्याने लेथवर नव्या रिंगा काढून, आस कापून तो १२६ वर आणला. पैठण गेटजवळच्या एका म्हाताऱ्या कारागिराने आमची जुनीच रिम नव्या हबवर तारांनी विणून दिली आणि चाकाचा आउट काढला. ते काम पाहत मी तासभर बसलो होतो. त्याच्याकडे कसलेही मापन नव्हते. ब्रेकच्या रबराजवळ एक नख धरून तो चाक फिरवी आणि ऐके.

उरलेले सहा मिलिमीटर सायकलीने द्यायचे होते. पोलादी चिमटा हळूहळू फाकवता येतो. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या सायकलीवर मात्र हा प्रयोग कोणी करू नये. त्याने दोन टोकांमध्ये आट्यांची सळई अडकवली आणि नट फिरवू लागला. १२६ ला थांबून सळई काढली तर चिमटा पुन्हा १२० वर. लोखंडाला आठवण असते. पुन्हा सळई, आणखी पुढे, पुन्हा सोडणे. त्या करकरीने माझ्या पोटात गोळा येई. प्रत्येक वेळी तो मागच्या एका टोकापासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजी. दोन्ही बाजू सारख्या फाकल्या पाहिजेत, नाहीतर सायकल जन्मभर तिरकी चालेल. एकदा डावी बाजू मिलिमीटरभर जास्त निघाली. ती त्याने लाकडी फळी लावून हाताने परत घेतली.

डिरेलरच्या वेळी आमचा खराखुरा वाद झाला. नवा डिरेलर जेथे अडकवायचा त्या जुन्या कानाला आटे नव्हते. भोक वाढवून दहा मिलिमीटरचे आटे पाडणे हा सरळ मार्ग होता. तो ड्रिल घेऊनच आला होता. मी नको म्हणालो. फाकवलेला चिमटा उद्या कोणी परत जवळ आणू शकेल, पण कापलेले लोखंड कोण परत देणार? तो वैतागला. कारखान्यात असे चालत नाही, म्हणाला. शेवटी आसेच्या नटाखाली अडकणारी वेगळी पट्टी आणून त्यावर डिरेलर टांगला. दिसायला ते बरे दिसत नाही हे मला मान्य आहे. त्याने मात्र अजून मान्य केलेले नाही की ते चालते.

बारीकसारीक गोष्टी सांगत बसत नाही. तारेचा थांबा नळीवर ढिला होत होता, कारण थांबा २८.६ चा आणि फ्रेंच नळी २८ मिलिमीटरची. त्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. पुढचा ब्रेक उजव्या हाताला जोडला, कारण माझ्या डाव्यावर भरवसा नाही. पुढच्या दोन चक्रांसाठी डाव्या मुठीत गिअर होता, पण तो खटका ढकलायला माझे मनगट तयार होईना. म्हणून डावी जुनी कळ नळीवर तशीच ठेवली. ती घाटाच्या पायथ्याशी एकदा आणि माथ्यावर एकदा, दोन्ही वेळा थांबून फिरवायची. उजवीकडची कळ काढली आणि फादरांच्या चिरलेल्या डिरेलरबरोबर कपाटात ठेवली. गिअरची तार मुठीच्या कुशीतून निघून हँडलसमोर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. नव्या महागड्या मुठींत ती हँडलच्या पट्टीखाली लपते. आम्हांला लोंबणारी पुरली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सायकल पुरी झाली. स्टँडवर सहाही खटके वर आणि सहाही खाली झाले. मुठीची दांडी आत ढकलली की चेन मोठ्या चक्राकडे, अंगठ्याजवळचे बटण दाबले की लहानाकडे. हाताला काही शोधावे लागत नव्हते. मला आनंद झाला आणि थोडे रितेही वाटले. चोवीस वर्षांत बोटांनी शिकलेले आता कशाच्याच कामाचे नव्हते.

मी चाकात हवा भरत होतो. तो आपल्या पिशवीतून काहीतरी काढून हँडलच्या मधोमध बसवू लागला. लेथवर काढलेला ॲल्युमिनियमचा एक चिमटा होता, कडा घासून गुळगुळीत केलेला, आतून रबर लावलेला.

"फोन द्या, फादर."

मी दिला. त्याने तो चिमट्यात बसवला, हलवून पाहिला, बाजूचे बटण दाबून आवाज पूर्ण वाढवला, आणि आपल्या फोनवरून मला फोन लावला. व्हरांडाभर घंटी वाजली. ती त्याने लगेच बंद केली नाही. दोघेही तिच्याकडे पाहत उभे होतो.

"त्या दिवशी मी आवाज बंद केला होता," मी म्हणालो. हे वाक्य मी अडीच वर्षे तयार ठेवले होते. त्याच्यापुढेही पुष्कळ काही जुळवून ठेवले होते, ते आठवले नाही.

"बाबा तुम्हाला विचारत होते," तो म्हणाला. "दोनदा." मग पान्हे गोळा करून पिशवीत टाकले. निघताना फाटकापाशी थांबून म्हणाला, "तार नवी आहे, ताणेल. चौथ्या गिअरला कुरकुरेल. डिरेलरच्या मागचा स्क्रू पाव फेरा बाहेर घ्या, जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दौलताबादपर्यंत सारे नीट चालले. किल्ल्यामागे चढ सुरू झाला, मी थांबून डावी कळ फिरवली, आणि मग दोन्ही हात हँडलवर ठेवून एकेक खटका घेत वर निघालो. चौथ्याला चेन कुरकुरली. घाटातल्या जुन्या दरवाजापाशी उतरून मी स्क्रू पाव फेरा फिरवला.